दाजींचं इजिप्त आणि अक्काची डोण

पिरॅमिड बांधले जात होते तेव्हा आमचे थोरले साडू तिथं हजर नव्हते, ही गोष्ट मी आजही मान्य करायला तयार नाही. माणूस तिथं नव्हता तर त्याला एवढं ठाऊक कसं? दगड कोणत्या खाणीतून निघाला, तो नदीपर्यंत कसा ओढला, पुराचं पाणी चढलं की नाव बांधकामाच्या किती जवळ लागायची, कामावरच्या माणसांना भाकरीबरोबर कांदा मिळायचा की नाही, हे सगळं ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ काल दुपारपर्यंत तिथं मुकादम होते आणि पाळी संपवून संध्याकाळच्या गाडीनं लातूरला उतरले. प्रत्यक्षात त्यांनी हैदराबादच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नाही. हैदराबादलाही गेले ते मुतखड्याच्या ऑपरेशनला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर डॉक्टरांकडून तो खडा मागून घेतला, उजेडाला धरला आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं, "बघून घ्या. हा बी चुन्याचा, पिरॅमिड बी चुन्याच्या दगडाचा. जात एकच." आम्ही भेटायला म्हणून मोसंबी घेऊन गेलो होतो, ती तशीच हातात राहिली.

माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला लहानथोर सगळे अक्का म्हणतात. दाजी लातूरच्या एका कचेरीत आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झाले. आम्ही नांदेडला असतो. दोन्हीमध्ये चांगलं तीन-साडेतीन तासांचं अंतर आहे, ही देवाचीच कृपा असं मी बरीच वर्षं समजत होतो. पण देवानं एस. टी. सुद्धा निर्माण केली, आणि ज्येष्ठ नागरिकांना तिच्यात सवलतही दिली.

इजिप्तचं हे वेड त्यांना लागलं कधी, यावर घराण्यात एकमत नाही. दाजी म्हणतात, शाळेत भूगोलाच्या तासाला लागलं. अक्काचं म्हणणं वेगळं. "लग्नाच्या आधीपासून होतं आन् ह्यांच्या घरच्यांनी दडवून ठेवलं," असं ती चारचौघांत सांगते. दाजी त्यावर रागावत नाहीत. ते म्हणतात, "तुझ्या बापानं विचारलं कुठं?"

त्यांनी लातूरला घर बांधलं, त्याची गोष्ट तर आमच्याकडं लग्नकार्यात अजून निघते. गवंड्यानं सुतळी ताणली आणि दाजींनी ती सोडायला लावली. इजिप्तच्या लोकांनी आपल्या इमारती उत्तर-दक्षिण दिशेला अशा काही अचूक लावल्यात म्हणे, की आजचा इंजिनिअर तोंडात बोट घालतो. मग आपलं घर वेंधळ्यासारखं कुठंही तोंड करून का उभं राहावं? दाजींनी अंगणात काठी रोवली, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि दिवसभर उन्हात बसून त्या काठीच्या सावलीच्या टोकावर खडे मांडले. संध्याकाळी खरी उत्तर सापडली. अडचण एवढीच, की ज्यानं प्लॉट पाडले होते त्याला उत्तरेशी काही देणंघेणं नव्हतं, त्यानं रस्ता वळला तसे प्लॉट वळवले होते. आज गल्लीतली सगळी घरं रस्त्याकडं सरळ तोंड करून उभी आहेत आणि दाजींचं घर तेवढं रुसून अंग वळवून बसलंय. नवा पाहुणा दारात थबकतो आणि हळूच विचारतो, एका बाजूनं खचलं का हो? अक्काचं उत्तर ठरलेलं. "घर सरळ हाय, गल्ली वाकडी हाय, असं ह्यांचं म्हणणं हाय. तुम्ही आत या, चहा घ्या."

नांदेडला आमच्याकडं आले की पाहुण्यासारखं बसून खातील, तर शपथ. एकदा त्यांनी माझ्या बायकोला सहज विचारलं, "लोखंड ठाऊक नसताना त्यांनी एवढा कठीण दगड कापला कशानं, सांग." तिनं मान हलवली. चूक तिथंच झाली. "तांब्याच्या करवतीनं! तांबं मऊ, पण खाली वाळू टाकायची. कापते वाळू, तांबं नुसतं तिला पुढं-मागं फिरवतं." आणि हे सिद्ध करायला त्यांनी आमचा मसाला वाटायचा पाटा अंगणात नेला, वायरमनकडून तांब्याची पट्टी आणली, गोदावरीची मूठभर वाळू पसरली आणि घासायला बसले. मुक्काम संपेपर्यंत घासत होते. आमच्या घरात त्या दिवसांत कशालाही खोबऱ्याचं वाटण नव्हतं. जाताना मला बोलावून दाखवलं. पाट्यावर केसाएवढी एक रेघ पडली होती. मी म्हणालो, "दाजी, अहो एवढीशीच?" तर माझ्याकडं कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "साडूभाऊ, रेघ पडली का न्हाई ते सांगा. बाकीचं काम फक्त टायमाचं हाय."

एरवी माणूस इतका मऊ, की भाजीवाल्यानं किडकं वांगं दिलं तरी 'असू दे, त्याला बी घर हाय' म्हणून घेऊन येईल. पण दोन वाक्यांनी त्यांचं डोकं फिरतं. पिरॅमिड गुलामांनी बांधले, हे एक. आणि परग्रहावरच्या लोकांनी येऊन बांधले, हे दुसरं. धर्माबादला एका लग्नात नवऱ्या मुलाच्या काकांनी जेवता जेवता ही दोन्ही वाक्यं लागोपाठ म्हटली. दाजींनी हातातली जिलबी पत्रावळीवर ठेवली. "गुलाम न्हवते हो ते! रोजगारी माणसं होती. त्यांना भाकरी होती, कांदा होता, मेल्यावर तिथंच मानानं मूठमाती होती. टोळ्या होत्या त्यांच्या, टोळ्यांना नावं होती. ते बी मस्करी करायचे, दगडावर आपल्या टोळीचं नाव लिहून ठेवायचे. तुम्ही करून राहिले काय, तर जेवून राहिले फुकटचं आन् त्यांचं काम कुठल्या तरी हिरव्या तोंडाच्या माणसाला देऊन राहिले!" वरपक्ष आ वासून बघत राहिला. नंतर बाहेर पायरीवर बसून मला म्हणाले, "माणसानं केलेलं काम माणसालाच खरं वाटत न्हाई साडूभाऊ, ह्याचं मला लई वाईट वाटतं." त्यांचे डोळे खरंच भरले होते. मी त्यांना आतून एक जिलबी आणून दिली आणि ती त्यांनी खाल्ली.

तर असे हे दाजी. एवढा मोठा पिरॅमिड डोक्यात, आणि हातात हातोडी दिली तर भिंतीत खिळा सरळ जाणार नाही. अक्कानं सगळा संसार या माणसाच्या बडबडीखाली केला, आणि गंमत म्हणजे तिनं कधी तक्रारही केली नाही. ती निवांत भाजी निवडत राहायची. आम्हाला वाटायचं, ती ऐकतच नसणार.

पुढं रस्त्याचं प्रकरण निघालं. अक्काचं आणि माझ्या बायकोचं माहेर रेणापूरजवळच्या एका खेड्यात. सासू-सासरे दोघं गेले, भाऊ नाही, घर कधीच विकलं गेलं. उरलं होतं ते एक शेत, बटाईनं दिलेलं. शेतात विहीर आणि विहिरीपाशी बैलांना पाणी पाजायची दगडी डोण. काळ्या अखंड दगडातली, आत दोन पोरी आरामात बसतील एवढी. आरामात बसतील हे मी अंदाजानं म्हणत नाही. बैल पाणी पिऊन गेले की या दोघी बहिणी उन्हाळाभर त्या डोणीतच बसलेल्या असायच्या. सासरे वरून मोटेचं पाणी सोडायचे आणि 'म्हशी झाल्या माझ्या पोरी' म्हणून हसायचे. नवा रस्ता आला, शेत त्यात गेलं, विहीर बुजवायचं ठरलं. मोबदल्याच्या वाटणीची बोलणी झाली तेव्हा अक्का एवढंच म्हणाली, "माझा हिस्सा बी धाकटीला द्या. मला दुसरं काही नको. ती डोण माझ्या दारात आणून द्या." जन्मात कधी काही मागितलं नाही त्या बाईनं, आणि मागितलं ते हे.

क्रेनवाला बघून गेला. विहिरीच्या कडेची जमीन पोकळ झालीय, मशीन जवळ आणलं तर विहिरीत जाईल, म्हणाला. जेसीबीवाल्यानं लांबून हात घालतो म्हटलं, पण डोणीला काठापासून खाली एक तडा होता. "साखळी लावून वडतो. फुटली तर मला बोलायचं न्हाई," असं सांगून तो मोकळा झाला. सोमवारी विहीर बुजवायला गाड्या येणार होत्या. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मग," आणि स्वयंपाकघरात गेली. दाजी बाहेर बसून होते. माझ्या बायकोनं फोनवर विचारलं तर त्यांनी 'हाव', 'न्हाई' एवढंच उत्तर दिलं. इजिप्तचं अक्षरही काढलं नाही. ती घाबरून मला म्हणाली, "दाजींना ताप-बिप आला का हो?"

ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. "साडूभाऊ, शनिवारी या. दगड हलवायचा हाय." मी म्हणालो, दाजी, माझी कंबर... तेवढ्यात बायकोनं माझी पिशवी भरायला घेतली होती.

आम्ही दोघं लातूरला पोचलो तर दाजींनी बाभळीच्या दोन ओंडक्यांचा, चाकं नसलेला, घसरत जायचा गाडा सुताराकडून जोडून घेतला होता. त्याच्याभोवती ते नव्या मोटारीभोवती फिरावं तसे फिरत होते. "तिथं बी बाभळीचं लाकूड वापरायचे! आपलं आन् त्यांचं झाड एक!" दोर आणि फळ्यांसाठी आम्ही मंडपवाल्या चाचांकडं गेलो. चाचांचा आणि दाजींचा पिढीजात घरोबा. चाचांनी विचारलं, "किसकी शादी है दाजी?"

"शादी न्हाई. बायकोच्या माहेरचा दगड घरी आणायचाय."

चाचा म्हणाले, "मतलब पत्थर की बिदाई है बोलो. फिर तो मैं बी आता जी." आणि मंडपाचे सगळे दोर, स्टेजच्या फळ्या आणि स्वतः, असे तिन्ही टेम्पोत चढले.

रविवारी सकाळी शेतावर गेलो. माझी अपेक्षा होती की फार तर बटाईवाला येईल. दाजी सगळ्या पंचक्रोशीला इजिप्त ऐकवून बसलेले, त्यांना बघून लोक वाट बदलतात. पण बांधावर अर्धं गाव उभं होतं. 'अक्काची डोण चालली' एवढं कानावर गेलं होतं, आणि गावची लेक काही मागतेय म्हटल्यावर घरात कोण बसणार? दाजींनी धोतर खोचून दोराला हात घातला मात्र, गावकऱ्यांनी हलकल्लोळ केला. "अहो जावईबापू! गावच्या जावयानं दोर ओढायचा? आम्ही मेलो का?" त्यांच्या हातातून दोर काढून घेतला, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. मीही जावईच होतो, पण धाकट्या लेकीचा. मला टोपी मिळाली आणि काम सुटलं, माझी काही तक्रार नाही.

मग दाजींनी टोळ्या पाडल्या. इजिप्तमध्ये एका टोळीचं नाव 'राजाचे दोस्त' होतं आणि दुसरीचं 'राजाचे दारुडे', हे त्यांनी सांगितलं आणि पंचाईत झाली. दोस्त व्हायला कुणी तयार होईना. सरपंचसुद्धा दारुड्यांत जाऊन उभे राहिले. शेवटी दोन्ही टोळ्या दारुड्यांच्याच झाल्या आणि कामाला लागल्या. खरं सांगतो, पुढचा तासभर मी दाजींकडं बघतच राहिलो. डोणीची एक बाजू पहारेनं बोटभर उचलायची, खाली माती ठासायची, मग दुसरी बाजू, पुन्हा माती, असं गाड्याच्या उंचीला येईपर्यंत. दगड काय, तव्यावरच्या भाकरीसारखा अलगद वर आला. तड्याच्या बाजूनं अक्कानं आपल्या दोन गोधड्या बांधल्या. डोण गाड्यावर चढली तेव्हा एक खपलीसुद्धा निघाली नव्हती. चाचा "सुभानल्ला" म्हणाले. अक्का बांधावर तोंडाला पदर लावून उभी होती.

आता ट्रॅक्टर उभा होता तिथल्या मुरमाच्या वाटेपर्यंत, म्हणजे शेत ओलांडून, गाडा ओढायचा होता. दाजी गाड्याच्या पुढच्या टोकावर घागर घेऊन चढले. इजिप्तच्या एका चित्रात म्हणे असाच एक माणूस गाड्याच्या तोंडाशी उभा राहून वाळूवर पाणी ओततो. ओली वाळू घट्ट बसते आणि गाडा सरसर पुढं जातो. "ओढा!" दाजी ओरडले आणि त्यांनी घागर उपडी केली. पहिली घागर मातीच्या भेगांनी गट्ट केली. दुसरीही. तिसरी-चौथीला जमीन फुगली, आणि गाडा पुढं जायचा सोडून खाली जायला लागला. दाजी आणखी पाणी मागत होते! उभा जन्म मराठवाड्यात गेलेला माणूस काळ्या रानात पाणी ओतून वरून जड गाडा ओढायला निघाला होता. गावकरी बिचारे जावयाला बोलायचं कसं म्हणून गप्प. शेवटी बांधावरून अक्काच ओरडली, "अहो, ती रेती हाय का? काळी हाय, काळी! पायातली चप्पल सोडत न्हाई ती, तुमची डोण सोडंल व्हय?"

सगळं रान हसलं. मीही हसलो. पण गाडा एका बाजूनं चांगला फसला होता आणि डोण तड्याच्या अंगाला कलली होती. दाजी खाली उतरले. त्यांचा चेहरा बघून हसू आपोआप थांबलं. भाकरी आली, पिठलं आलं, ताक आलं. दाजींनी हात लावला नाही. रानाकडं पाठ करून बसले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "तिनं एक गोष्ट मागितली साडूभाऊ. सबंध जन्मात एक. आन् मी काय केलं, तर चिखलात घातली." मी ताकाचा गिलास तसाच धरून उभा राहिलो.

जेवणं उरकून गावकऱ्यांनी गाड्याखाली चाचांच्या फळ्या सारल्या, निदान आणखी फसू नये म्हणून. सगळ्यांचे पाय चिखलाचे, त्यामुळं फळ्या बरबटल्या. दाजी उठले, डोणीला हात लावायला म्हणून एका फळीवर पाऊल ठेवलं, आणि काय सांगू! टोपी एकीकडं, टॉवेल एकीकडं, आणि दाजी उताणे, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असे गेले, की चाचांना उडी मारून बाजूला व्हावं लागलं. सगळे धावले. "लागलं का जावईबापू?" अक्का चपला टाकून पळत आली. दाजी आभाळाकडं बघत पडूनच होते. मग एकदम ओरडले, "घसरलो! अगं बघितलं का? कसला घसरलो!"

पडल्या पडल्याच त्यांना उमगलं होतं. काळी माती नुसती ओली केली तर गिळते, पण खाली टणक काही असलं आणि वर तिचा पातळ हात फिरवला, तर तिच्याइतकं निसरडं जगात काही नाही. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल सांडला की मोटरसायकली कशा आडव्या होतात, ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. "त्यांनी बी नदीचा गाळ वापरलाच असंल!" दाजी म्हणत होते, पण ऐकायला कुणाला वेळ नव्हता. फळ्यांचा मार्ग अंथरला, बायकांनी घर सारवावं तशा त्या सारवल्या. सारवायला अक्का आणि तिच्या वयाच्या गावातल्या सगळ्या मैत्रिणी पुढं. राजाच्या दारुड्यांनी हिसका दिला, आणि डोण अशी निघाली, की पुढचे दोन-चार दारुडे खरोखरच्या दारुड्यांसारखे आडवे झाले. मागच्या फळ्या उचलायच्या, पुढं आणून टाकायच्या, पुन्हा सारवायच्या. उन्हं कलायच्या आत डोण मुरमावर आली. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढताना गावातल्या म्हाताऱ्या बायांनी तिला हळद-कुंकू लावलं. एकीनं ओटी भरली, दगडाची! कुणी हसलं नाही.

लातूरला दारापुढं डोण बसवली. दाजींनी तीत नळीनं पाणी सोडलं आणि ज्या काठाकडं पाणी आधी चढलं तिकडं खाली दगडाची कपची सारली, असं करत करत पाणी चारी काठांना सारखं लागेपर्यंत. तडा वाढला नव्हता. अक्कानं नळ बंद केला. मग या दोघी बहिणी, एक साठी उलटलेली, एक साठीला टेकलेली, डोणीच्या काठावर बसल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातले. मी आणि दाजी पायरीवर बसलो होतो. दाजींच्या मानेवर अजून चिखल वाळलेला होता.

अक्कानं वर न बघताच विचारलं, "अहो, तुमच्या त्या इजिप्तात बायकांना माहेर असायचं का हो?"

इजिप्तबद्दल अक्कानं विचारलेला पहिला प्रश्न मी तेव्हा ऐकला. खाणीपासून कळसापर्यंत सगळं ठाऊक असलेले दाजी गडबडले. बराच विचार करून म्हणाले, "त्याचं... कुणी कुठं लिहून ठेवल्यालं माझ्या वाचण्यात न्हाई गं."

"असणारच," अक्का म्हणाली. "त्याबिगर एवढा जड दगड कोण कुणासाठी ओढतंय?"

दाजी उठले, तोंड फिरवलं आणि नळ बंद करून येतो म्हणून गेले. नळ बंदच होता.